बर्फात बुडालेलं नाणं

ताईच्या खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर पारदर्शक पेला, पेल्यात टणक बर्फ आणि बर्फाच्या पार तळाशी एक नाणं.

"बर्फ भेदून नाणं खाली उतरलं!" गावात उतरलेले महाराज गरजले. "जिथे सुरी चालत नाही तिथे कृपा चालते! या फ्रीजरमधली कोळंबी आता औषध झाली. एका घासात सात आजार पळतील!"

आठवा आजार असणाऱ्याने काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

"अहो, ते नाणं मी ठेवलंय!" मी ओरडलो. मी फ्रीजर दुरुस्त करतो. ताई चार दिवस परगावी जाणार म्हणून मीच पेल्यात पाणी गोठवून, मागे वीज गेली तर कळावं म्हणून, वर नाणं ठेवलं होतं. "मधे वीज गेली, बर्फ वितळला, नाणं बुडालं. वीज आल्यावर सगळं पुन्हा गोठलं. म्हणजे कोळंबीही तासन्‌तास उबेत पडली होती. ताई, फेकून दे ती!"

"पाहा!" महाराज हसले. "देवाने याच्याच हातून करून घेतलं, आणि याचाच विश्वास नाही!"

एक आजोबा चक्क माझ्या पाया पडले. मला रडावं की हसावं कळेना.

सहा महिने ताई रिकाम्या खानावळीत माशा मारत बसली होती. आज पहिल्यांदा गर्दी होती.

"वास तर येत नाहीये रे," ती म्हणाली.

"वास नसला तरी बिघडलेली असू शकते. शिजवूनही सगळं विष जात नाही."

"एवढी माणसं खोटी आणि तू एकटा खरा?"

पहिली ताटली तिनेच उचलली. मी तिचा हात धरला, तर भावोजींनी मला बाजूला सारलं. ती खात होती आणि मी नुसता बघत होतो.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात होती, हाताला सलाईन. मी उशाशी नवा पेला ठेवला, बर्फावर नाणं. तासा-दीड तासाने बर्फ वितळला आणि नाणं टणकन तळाला लागलं.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

"एवढंच."

पडद्यापलीकडे ते आजोबा कण्हत होते. ताईने पडद्याकडे मान वळवली.

"मी त्यांना दोनदा वाढलं रे," ती म्हणाली.

महाराज सकाळीच पुढच्या गावी गेले होते, पेला बर्फाच्या पेटीत घालून. तुमच्याकडे आले, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: वीज किती वेळ गेली होती?