अमिनाचा वेढा

“उलटं,” ट्रेनर म्हणाला आणि त्यानं तानाबाईच्या हातातलं रीळ बोटाच्या टोकानं थांबवलं. “तुमचा सगळा धागाच उलटा चाललाय, मावशी.”

तानाबाईनं वर बघितलं. टेबलाला आवळलेल्या छोट्या शिकंज्यात गळ अडकवलेला, गळावर कोंबड्याच्या मानेचं तांबूस पीस निम्मं बांधून झालेलं, आणि हा कालचा आलेला माणूस तिचं रीळ धरून उभा. एकोणीस वर्षं ती होटगीहून एसटीनं सोलापूरच्या या शेडमध्ये येत होती. गळावर पिसं आणि धागा गुंडाळून नकली माशी बांधायची, ती बघून परदेशातला मासा फसायचा, असा हा धंदा. गल्लीतली माणसं शेडला माशीखाना म्हणून हसत. पण शेडमधल्या तेराच्या तेरा बायका शिकल्या त्या तानाबाईच्या हाताखाली. आणि आता तिलाच शिकाऊ म्हणून पहिल्या बाकावर बसवलं होतं, कारण परदेशी गिऱ्हाइकाला म्हणे प्रत्येक कामगाराचं सर्टिफिकेट पाहिजे.

“काय उलटं?” तिनं विचारलं.

“धागा गळावरून पलीकडे न्यायचा असतो, आपल्यापासून लांब. तुम्ही अंगाकडे ओढताय.” त्यानं बाकांवरून नजर फिरवली. “अहो, सगळ्याच ओढताय. कुणी शिकवलं हे?”

तेरा बायकांनी तानाबाईकडं बघितलं.

तानाबाईला शिकवलं अमिनानं, आणि अमिनाला थोरल्या शेठनी. तेव्हा शेड नवी होती आणि शिकंजा एकच होता. परक्या पुरुषाच्या शेजारी खेटून बसायचं म्हटलं तर मोहल्ल्यानं अमिनाला जगू दिलं नसतं. म्हणून ती टेबलाच्या पलीकडं, शेठच्या समोर बसली आणि दिसलं तसं उचललं. शेठचा धागा त्यांच्यापासून लांब जायचा, तो तिला आपल्या अंगाकडं येताना दिसायचा. ती तसाच ओढायला लागली. हे अमिनानंच एकदा हसत सांगितलं होतं. “शेठला कळलं तवा माझं बोट बसून गेलं होतं. माशी बराबर है ना, मग रहने दो बोले.” तिनं मात्र तानाबाईला शेजारी बसवून शिकवलं, खांद्याला खांदा लावून, चुकलं की बोटावर चापट मारून. अमिनाला जाऊन चार वर्षं झाली. तिची लेक शाइस्ता आता दुसऱ्या बाकावर बसायची. तिला तानाबाईनं शिकवलं.

“सगळ्यांनी उसवा,” ट्रेनर म्हणाला. “पहिल्यापासून शिकू.”

तानाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उसवा म्हणे. ज्यानं आयुष्यात शंभर माश्या बांधल्या नसतील, तो एकोणीस वर्षं उसवायला निघालाय.

“जरा थांबा, साहेब,” ती म्हणाली. तिनं एक माशी आपल्या पद्धतीनं बांधली आणि एक त्याच्या. पलीकडं न्यायला असं काय अवघड होतं? दोन-चार वेढ्यांना हात अडखळला, मग चालायला लागला. दोन्ही माश्या तिनं तळहातावर घेतल्या, मूठ बंद करून हलवल्या आणि त्याच्यासमोर धरल्या. “ह्यातली उलटी कुटली, सांगा.”

त्यानं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. मग डावीकडच्या माशीवर बोट ठेवलं. “ही. ओढच वेगळी दिसतेय.”

तानाबाईनं ती माशी शिकंज्यात धरली, ब्लेडनं डोक्याजवळचा धागा कापला आणि हळूहळू सोडवत गेली. धागा सुटून तिच्या अंगाकडं आला. म्हणजे गुंडाळला होता तो पलीकडं.

“ही तुमची हाय,” ती म्हणाली. “माणसाला कळंना, तर माशाला काय कळतंय?”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी शेड हसली. ट्रेनरचे कान लाल झाले. तानाबाईला लई बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, अर्धा दिवस तिला भूकसुद्धा लागली नाही.

दुसऱ्या दिवशी धाकट्या शेठनं, शिवराजनं, तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद होता. ‘पूर्वीची शिकवण्याची पद्धत सदोष होती हे मला मान्य असून यापुढे मी ती वापरणार नाही.’

“एक सही करा, काकू. आणि सगळ्यांसमोर एवढं वाचून दाखवा. ट्रेनरनं रिपोर्टात घातलंय, माझा इलाज नाही. शिकवायचं काम तुमच्याकडंच राहील.”

“आन् न्हाय केली तर?”

“मग दुसरी कुणीतरी नेमावी लागेल. तुम्ही बाकावर बसा. कामावरनं नाही काढत मी तुम्हाला.”

“लई उपकार.” तिनं कागदाला हातसुद्धा लावला नाही. “शेठ, ह्या सदोष हातावर तुमची शेड उभी राहिली. तुमच्या वडलांनी बघितलं, चालंल म्हनले. आज ते न्हाईत, अमिना न्हाय. मेलेली माणसं भांडायला येत न्हाईत म्हणून त्यांच्यावर ढकलायचं व्हय?”

“पप्पांना मध्ये आणू नका.”

“मी कुटं आणते? तुमचा कागूदच आणतोय की.”

शिवराजनं मान खाली घालून मोबाईल उचलला. तानाबाई बाहेर आली. त्या आठवड्यात ती सगळ्यांवर चिडली. कंडक्टरवर, सुनेवर, डब्यातल्या भाकरीवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, कारण तोंड आवरलं असतं तर गोष्ट कागदापर्यंत गेलीच नसती. पण सही करावी असं तिला एकदाही वाटलं नाही.

सोमवारी नवी शिकवणारी म्हणून शाइस्ता सगळ्यांसमोर उभी राहिली आणि तिनं तो कागद वाचला. ‘सदोष’वर तिची जीभ अडखळली. वाचून झाल्यावर ट्रेनरनं टाळ्या वाजवल्या, म्हणून बायकांनीही वाजवल्या. तानाबाईचे हात मांडीवरच राहिले.

दुपारी नळावर डबा धुताना तिनं शाइस्ताला गाठलंच.

“तुज्या आईचा हात हाय तो. लाज न्हाय वाटली?”

“वाटली.” शाइस्ता डबा घासत राहिली. “पण मावशी, तुमची पोरं कामाला लागली. माझी दोन अजून शाळेत हायत आन् त्यांचा बाप कंबर धरून घरात बसलाय. तुमी माझ्या जागेवर असता तर?”

“तुज्या जागेवर मीच हुते की, परवापातूर.”

शाइस्तानं डबा पालथा घातला. पोरीचं खोटं नव्हतं, आणि ते खोटं नव्हतं याचाच तानाबाईला जास्त राग आला. ट्रेनरवर चिडता येत होतं, शेठवर चिडता येत होतं. हिच्यावर चिडायचं म्हटलं की अमिनाचं नाक, अमिनाची हनुवटी समोर यायची.

जेवणानंतर शाइस्ता बाकांमधून फिरायला लागली. कुणाचं पीस सरळ करत होती, कुणाचा धागा ताणून देत होती. सगळ्यांचे हात आता पलीकडं जात होते. तानाबाईचा एकटीचा अंगाकडं येत होता. शाइस्ता तिच्यामागं येऊन थांबली. ट्रेनर दारात उभा राहून बघत होता.

“मावशी,” शाइस्ता अगदी हळू म्हणाली, “पलीकडनं घ्या.”

तानाबाईचा हात थांबला. मग तिनं एकेक वेढा सोडवला, पीस काढून बाजूला ठेवलं, गळ नागडा झाला. नव्यानं धागा लावला आणि पलीकडं न्यायला सुरुवात केली. सगळी शेड बघत होती. तिनं घाई केली नाही. पीस बांधलं, माशीची मान गुंडाळली, डोकं आवळलं, धागा कापला. माशी शिकंज्यातून काढली आणि ती उभी राहिली, नवी शिकाऊ बाई मास्तरणीपुढं उभी राहते तशी.

“बघा, मॅडम,” ती म्हणाली. “बरोबर हाय का?”

शाइस्तानं माशी हातात घेतली. तिच्यात काढायला काही खोट नव्हती. तिनं ती उलटसुलट करून बघितली, पुन्हा बघितली. मान वर करून ‘बरोबर’ एवढा एक शब्द तिला म्हणता येईना.

तानाबाई उत्तराची वाट बघत उभीच राहिली.