हातांना ऊब लाभेल

“‘हातांना ऊब लाभेल’ म्हणजे नेमकं काय, गुरुजी?”

संपादकांनी कागद उजेडाकडे धरला होता. जणू ओळींच्या पाठीमागे आणखी काही लिहिलेले असावे.

“म्हणजे... लाभेल,” गुरुजी म्हणाले.

“कुणाला?”

“खेळणाऱ्यांना. एकूणच.”

“गुरुजी, हे राशिभविष्य नाही. परवा व्हिडिओ गेमचा मेळा सुरू होतोय. कोणता कन्सोल येणार, त्यात काय असणार, सगळं जग अंदाज बांधतंय. आणि आपण काय छापतोय? ‘एका जुन्या नायकाचे पुनरागमन संभवते. तारखेबाबत दिरंगाई. किंमत ऐकून वडीलधाऱ्यांना त्रास.’”

“गेल्या वर्षी तिन्ही खरं ठरलं.”

“दरवर्षी ठरतं! म्हणून तर लोक हसतात.”

गुरुजी हे मुळात गुरुजी नव्हतेच. या वर्तमानपत्रात ते लागले जाहिरात विभागात, ‘हरवले आहे’ आणि ‘भाड्याने देणे आहे’ या मजकुरावर. मग एके दिवशी रोजचे भविष्य लिहिणारे ज्योतिषी अचानक वारले. त्यांना स्वतःला पूर्वकल्पना नसावी, कारण त्या दिवशी आपल्याच राशीला त्यांनी ‘प्रवासाचा योग, प्रकृती उत्तम’ असे लिहिले होते. प्रवासाचा भाग धरला तर निम्मे भविष्य खरे ठरले, आणि या धंद्यात निम्मे म्हणजे पुष्कळ. तेव्हाचे संपादक गुरुजींना म्हणाले, “तात्पुरतं तुम्ही लिहा.” ते तात्पुरते अजून चालू होते. पाने गळून पडावीत तसे त्यांचे आडनाव गळले आणि गुरुजी एवढेच उरले.

पुढे हे नवे, तरुण संपादक आले. तरुणांसाठी पान हवे, त्यात व्हिडिओ गेम हवेत, आणि मेळ्याच्या आधी भाकिते तर हवीतच, असे त्यांनी बैठकीत जाहीर केले. “भाकितं लिहायची सवय कुणाला आहे?” या प्रश्नावर सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजींच्या हातात गेम खेळायचा कंट्रोलर पहिल्यांदा दिला गेला तेव्हा त्यांनी तो कानाला लावला होता. पण त्यांनी कधी दुर्बिणीतून शनीही पाहिलेला नव्हता, आणि त्याच्यावाचून काही अडले नव्हते.

घरात मात्र राशिभविष्याच्या सदराचा खरा उपयोग होत असे. बायकोची रास वृषभ. ‘वृषभ : संध्याकाळी जवळच्या व्यक्तीची फार वाट पाहू नये’ असे सकाळी छापून आले की ती एकाच माणसाचा स्वयंपाक करी. आणि कन्या ही भाचीची रास. बहिणीची ही मुलगी शाळेसाठी मामाकडे आली ती तिथेच वाढली. घरातले नाव ठकी. तिच्या परीक्षेच्या दिवशी राज्यभरातल्या कन्या राशीच्या लोकांना, त्यांत आजोबा आले, डॉक्टर आले, ‘गणिताची भीती बाळगू नये, शेवटचा प्रश्न आधी सोडवावा’ असा सल्ला मिळे. ठकी तेवढी ओळ कापून कंपासपेटीत ठेवायची.

आता ती गेम तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. काम तपासणीचे. गेम बाजारात येण्याआधी तो खेळायचा आणि कुठे बिघडतो ते शोधायचे.

“म्हणजे करतेस काय दिवसभर?” मामीने विचारले होते.

“भिंतींना धडका मारते. कुठून आरपार जाता येतं ते बघते. मग तीच धडक पुन्हा पुन्हा मारते.”

“त्याला संसार म्हणतात,” मामा म्हणाले होते. “त्याचाही पगार मिळतो, हे नवीन आहे.”

गेल्या रविवारी ठकी जेवायला आली ती हवेत तरंगतच. एका बड्या कंपनीचा नवा कन्सोल मेळ्यात जाहीर होणार होता, आणि ठकीच्या कंपनीचा गेम त्यावर सगळ्यांत आधी दाखवणार होते. दाखवणार होती ठकी. व्यासपीठावर उभी राहून, साऱ्या जगासमोर.

“टीव्हीवर बघा हं, मामा. उजव्या बाजूला, निळ्या सदऱ्यात.”

“भिंतीला धडकू नकोस म्हणजे झालं,” मामा म्हणाले.

जेवणे झाली. मामी दोन्ही हातांत गरम कप घट्ट धरून बसली. तिचे हात बाराही महिने गार असत. लग्नात हातात हात दिला तेव्हा मला वाटले मुलीला नकार द्यायचा आहे, असे मामा सांगत. ठकीने मामीचे हात बघितले आणि तिला राहवले नाही.

“मामी, तुझ्यासाठी एक गंमत येतेय. त्या नव्या कन्सोलचा कंट्रोलर आहे ना, तो गरम होतो. गेममधला माणूस घाबरला, की इथं, तळहाताला, ऊब येते. दुसरं कुणीतरी जिवंत आपल्या हातात असल्यासारखी.” मग तिने जीभ चावली. “हे कुठं बोलायचं नाही हं. आम्ही सह्या केल्यात. तो ठेवलाय त्या खोलीत फोनसुद्धा नेऊ देत नाहीत.”

“मी कुणाला सांगणार?” मामी म्हणाली. “मला कोण विचारतं?”

मामांना तर रोज विचारणारे होते.

लिहायला बसल्यावर ‘हातांना ऊब लाभेल’ ही ओळ आपसूक उतरली. ती खोडायला हवी होती. पण गुरुजींना वाटले, एवढ्या धुक्यातून कुणाला काय दिसणार? सगळी हयात धुक्यात काढलेला माणूस. त्याचा धुक्यावर फार विश्वास.

आणि आता संपादक तो कागद खाली ठेवून म्हणत होते, “गुरुजी, वाईट वाटून घेऊ नका. हे सदर थांबवू या. तुम्ही राशी बघा.”

पलीकडच्या टेबलावरून क्रीडापानवाले म्हणाले, “इंटरनेटवर काय म्हणतात माहितीये? ‘राशीवाले आजोबा’. माझा मुलगा मोठ्यानं वाचून दाखवतो. पोट धरून हसतो हो.”

गुरुजींना सदराचे एवढे काही नव्हते. हसण्याचेही नव्हते. पण आयुष्यभर आपण सांगितले ते सगळे खरे ठरले आणि त्यातले आपल्याला काहीएक ठाऊक नव्हते, हे त्यांना एकट्यालाच माहीत होते. आज पहिल्यांदा काहीतरी ठाऊक होते. ते तोंडात मावेना.

“नव्या कंट्रोलरला ऊब असेल,” ते म्हणाले. “गेममधला माणूस घाबरला, की तळहाताला गरम लागेल.”

क्रीडापानवाल्यांनी खुर्ची वळवली.

“हे कुणी सांगितलं?” संपादकांनी हळू आवाजात विचारले.

गुरुजींनी नुसते बोट वर केले. वर हिशेब खाते होते. पण संपादकांना काय समजायचे ते समजले.

दुसऱ्या दिवशी पानाच्या माथ्यावर ठळक मथळा होता : ‘नव्या कंट्रोलरला येणार ऊब! आमचे ठाम भाकीत’. खाली धुके कुठेच नव्हते. गुरुजींनी तो मथळा पाहिला आणि पानावर बोट फिरवत ते खालपर्यंत गेले. ‘ठकीचं नाव कुठाय यात?’ त्यांनी स्वतःला विचारले. नव्हते. ‘माझंही नाही.’ तेही नव्हते. मग त्यांनी चहा मागवला आणि पान पुन्हा एकदा वाचले. दुसऱ्या वाचनात ते त्यांना बरे वाटले, ही गोष्ट पुढे त्यांना सगळ्यांत जास्त छळणार होती.

मेळ्याच्या संध्याकाळी सगळे कार्यालय मोठ्या टीव्हीभोवती जमले. झगमगते व्यासपीठ, धूर, आणि काळ्या कपड्यांतला एक गृहस्थ. त्याने जुन्या नायकाचे पुनरागमन जाहीर केले. टाळ्या. कन्सोल यायला अजून अवकाश आहे म्हणाला. हशा. मग त्याने एक कंट्रोलर वर धरला, क्षणभर थांबला आणि तो स्वतःच्या गालाला लावला.

“ऊब!” क्रीडापानवाले ओरडले. “अरे, ऊब! गुरुजी!”

एकच गलका झाला. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी पाया पडले. छपाई विभागातला एकजण गर्दीतून हात पुढे करून आला. “बघा हो, बहिणीचं लग्न कधी होईल?” संपादकांनी खोका उघडला. केक त्यांनी आधीच मागवून ठेवला होता. माणसाचा विश्वास बसला की तो असा बसतो.

गुरुजी टीव्हीकडे बघत होते. व्यासपीठाच्या उजव्या बाजूला निळा सदरा आला. त्या सदऱ्यात एक उंच, हसरा, अनोळखी मुलगा होता. तो गेम खेळू लागला. चांगला खेळत होता. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मुलगा तोच राहिला.

खिशात फोन वाजला. बायको होती.

“अहो, टीव्हीत शोधू नका तिला,” ती म्हणाली. “ती इथं आलीय.”

“इथं म्हणजे?”

“स्वयंपाकघरात. भांडी घासतेय. नको म्हटलं तरी ऐकत नाही. घासलेलीच पुन्हा घासतेय.” मग आवाज खाली आला. “तुमच्यामागं एवढा आरडाओरडा कसला चाललाय?”

“काही नाही,” गुरुजी म्हणाले.

केकचा खोका त्यांच्या हातात कुणी कोंबला ते त्यांना कळले नाही. बसमध्ये तो त्यांनी मांडीवर घेतला, मग पायाशी ठेवला. उतरताना तो तिथेच विसरायचा असे त्यांनी ठरवले होते. मागच्या बाईंनी हाक मारून परत दिला.

ठकी ओटा पुसत होती. मामी खुर्चीवर बसली होती आणि तिने नवऱ्याकडे एकदा बघून नजर वळवली. तिने आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र वाचले होते. ती रोज वाचायची, वृषभेपासून सुरुवात करून.

“काढलं का तुला?” गुरुजींनी उभ्यानेच विचारले.

“छे. तक्रारींना उत्तरं द्यायच्या टेबलावर बसवलंय. त्या खोलीची किल्ली तेवढी परत घेतली.” ठकीने फडके पिळले. “तो कंट्रोलर मोजक्या कंपन्यांकडेच होता, मामा. आणि त्यातल्या एकाच कंपनीच्या गावात तुमचा पेपर येतो. त्यांना शोधायला वेळ लागला नाही.”

“मग तू काय सांगितलंस?”

“जे झालं ते. घरी बोलले म्हटलं. कुणाशी, ते विचारलं त्यांनी. मामीचे हात गार असतात म्हटलं.” ती किंचित हसली. “ते त्यांनी लिहून घेतलं.”

“माझं नाव?”

हा प्रश्न तोंडातून गेल्यावर गुरुजींना कळले की आपण तो विचारला. मामीने खुर्चीतून वर पाहिले. स्वयंपाकघरात नळाचा थेंब पडला, तोही जरा बिचकतच.

“नाही सांगितलं,” ठकी म्हणाली. “तुमचं आडनाव वेगळं ना. कुणाच्या लक्षात नाही यायचं.”

“ठके, मी...”

“त्या खोक्यात काय आहे?”

“केक.”

“कशाबद्दल?”

ठकीने पुढे होऊन झाकण उघडले. बसच्या धक्क्यांनी केक एका अंगाला कलला होता, पण अक्षरे शाबूत होती. ‘गुरुजींचे अभिनंदन’. तिने ती वाचली. शाळेत असताना कन्येची ओळ वाचायची तशीच, ओठ हलवत.

“अभिनंदन, मामा,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. तिने सुरी घेतली, तीन तुकडे कापले आणि स्वतःचा तुकडा उभ्याउभ्या संपवला. मामीने आपला शिवला नाही.

ठकी गेल्यावर मामी एवढेच म्हणाली, “मला वाटलं होतं, मला कुणी विचारत नाही म्हणून घरातली गोष्ट घरात राहील.”

दुसऱ्या दिवशी कार्यालयात दाराशी माणसे उभी होती. कुणाला नोकरीचे विचारायचे होते, कुणाला घराचे. संपादकांनी सदर दुप्पट केले होते. गुरुजी टेबलाशी बसले आणि राशी लिहू लागले. मेषेला धनलाभ दिला. वृषभेपाशी बराच वेळ थांबून ‘मौन बाळगावे लागेल’ असे लिहिले, मग ते खोडून ‘मौन सोसावे लागेल’ केले. कन्येपाशी पेन टेकवले आणि थांबले. माफी मागायची तर लाखभर कन्यांची मागावी लागली असती. त्यातल्या एकीने वाचली तरी पुरे होते, पण ती यापुढे वाचेल की नाही, हे भविष्य गुरुजींना येईना. शेवटी त्यांनी लिहिले : ‘कन्या : जवळच्या वडीलधाऱ्या व्यक्तीपाशी मन मोकळे करू नये. ती व्यक्ती विश्वासास पात्र नाही.’

“आज कन्येवर फार कडक आहात,” मजकूर न्यायला आलेले क्रीडापानवाले म्हणाले. “माझी सासू कन्येची आहे. तिची वडीलधारी व्यक्ती कुठून आणायची?”

“छापा,” गुरुजी म्हणाले. “हे मला ठाऊक आहे.”

पुढच्या रविवारी ठकी येणार नाही असे गुरुजींनी धरले होते. ती आली. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या चपला काढून. मामीशी बोलली, वाढायला लागली, मामांना हवे-नको विचारले. जेवताना मामांनी, विचारू नये हे समजत असून, विचारले, “ऑफिसात काय म्हणतंय?”

ठकीने जरा विचार केला.

“खिडकीपाशी टेबल मिळालंय,” ती म्हणाली. “ऊन चांगलं येतं.” मग हलकेच, जुन्या सवयीच्या हसऱ्या आवाजात, “हे छापलंत तरी चालेल.”

मामा हसले. हसायलाच हवे होते.

जेवणानंतर मामी कप शोधायला उठू लागली, तर ठकीने तिला खाली बसवले. तिचे दोन्ही गार हात आपल्या हातांत घेतले आणि चोळत राहिली. गुरुजींचे हात टेबलावरच होते, त्या दोघींच्या हातांच्या अगदी शेजारी. थोड्या वेळाने त्यांनी ते उचलले आणि खाली, मांडीवर घेतले.