लॅपटॉपवर ठेवलेला डावा हात

केप कोस्टला विद्यापीठाच्या फाटकासमोर माझ्या थोरल्या बहिणीचं, अराबाताईचं, टायपिंगचं दुकान आहे. त्या गुरुवारी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. प्रबंध बांधून घ्यायला आलेली मुलं, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, समोरचा न्हावी आणि त्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, सगळे ताईच्या लॅपटॉपकडे टक लावून उभे होते. लॅपटॉपचा पंखा घोंघावत होता आणि तळाला हात लावला तर चटका बसत होता. पाच दिवसांत तो दोनदा तापून बंद पडला होता आणि एका मुलीच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण गिळून बसला होता.

यंत्रातलं भूत काढायला ताईने चर्चच्या प्रॉफेट एनॉकना बोलावलं होतं. ते आले ते थ्री-पीस सूट घालून, अशा उकाड्यात. त्यांनी तेलाची बाटली वर धरली आणि यंत्राला दरडावून विचारलं, "तुझं नाव काय?"

यंत्राने नाव सांगितलं नाही, तेव्हा ते प्रॉफेटनीच सांगितलं. "हा समुद्रतळाचा अग्नी-आत्मा. गेल्या महिन्यात अक्रातल्या एका बँकेतून मी असे अकरा हाकलले. हा बारावा, निसटलेला."

"बँकेतून निघून टायपिंगच्या दुकानात?" न्हावी पुटपुटला. "बिचाऱ्याचे दिवस फिरले म्हणायचे."

प्रॉफेटनी उजवा हात कीबोर्डवर टेकवला. दोन-चार श्वासांत पंखा मंदावला आणि गप्प झाला. बायकांनी छातीवर हात ठेवले. मग त्यांनी हात उचलला, एक लांबलचक स्तोत्र म्हटलं आणि स्तोत्र संपायच्या सुमारास पंखा पुन्हा गरजला. असं तीनदा झालं. प्रॉफेटचं लक्ष स्तोत्रापेक्षा भिंतीवरच्या घड्याळाकडे जास्त होतं, हे मी पाहिलं आणि पाहून गप्प बसलो.

"मी काढतो, पण कुणीतरी बाहेरून परत धाडतंय," ते म्हणाले. त्यांचं बोट खिडकीकडे गेलं.

खिडकीखाली एकुआमावशीची शेगडी होती. नऊ वर्षं ती तिथे केळी भाजून शेंगदाण्यांबरोबर विकत होती.

"माझ्या कोळशाने तुमचं यंत्र तापतं होय?" मावशी म्हणाली. "मग तुमच्या यंत्रावर माझी केळी भाजून द्या ना. कोळसा तरी वाचेल."

दोघं-तिघं हसले. पण मागून कुणीतरी 'चेटकीण' म्हणालं आणि हसू विरलं. मावशीने गर्दीत मला शोधलं. "मास्तर, तू शाळेत विज्ञान शिकवतोस. सांग ना यांना."

मी म्हणालो, "मावशी, थोडे दिवस लांब बस. उगाच वाद कशाला?"

हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते. कारण मागच्या शनिवारी ताई लग्नाला गेली असताना, फुकटात फुटबॉलचे सामने दाखवणारा एक प्रोग्रॅम मीच त्या लॅपटॉपवर घातला होता. त्याच दिवसापासून यंत्र तापत होतं. मला शंका आली होती. कुठला प्रोग्रॅम यंत्राला किती राबवतो ते दाखवणारी यादीही मी उघडून पाहिली होती. सगळं शांत होतं, शंभरातले चारच टक्के काम चालू होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. खरं सांगायचं तर मला कारण शोधायचंच नव्हतं, मला फक्त सुटायचं होतं.

मावशी शेगडी उचलून गाड्यांच्या अड्ड्यामागे गेली. तिथे तिच्याकडे कुणी फिरकेना. चेटकिणीच्या हातचं कोण खाणार? शेगडी गेली म्हणजे भूतही गेलं असं धरून ताईने तर पुढच्या मंगळवारी प्रॉफेटच्या आभाराची प्रार्थनाही ठरवून टाकली. यंत्र मात्र तापतच होतं.

सोमवारी मी अड्ड्यावर गेलो. मावशीने मान वर केली नाही.

"शेगडी हलली, तरी तापतंय," मी म्हणालो.

"तापणारच. नऊ वर्षं त्या खिडकीखाली बसलेय, तुमच्या यंत्राचा आवाज मला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. तुम्ही टकटक करता तेव्हा ते गप्प असतं. तुम्ही जेवायला उठलात की ओरडायला लागतं. मालकाची पाठ वळली की दुसऱ्याच्या घरी राबायला जाणाऱ्या गड्यासारखं आहे ते."

 मी यादी बघत होतो ती यंत्राला हात लावूनच. हात लागला की गडी परत येऊन साळसूदपणे बसत होता.

दुकानात जाऊन मी ती यादी उघडी ठेवली, समोर मोबाईल चित्रीकरणाला लावला आणि बाहेर जाऊन बसलो. नंतर पाहिलं तर पाच मिनिटं चार टक्के, मग एकदम अठ्ठ्याण्णव. त्या ओळीवर नाव होतं माझ्या फुटबॉलच्या प्रोग्रॅमचं.

मंगळवारी पुन्हा गर्दी जमली. प्रॉफेटनी तेल काढलं, पंखा गरजत होता. मी मावशीला अड्ड्यावरून घेऊन आलो होतो. ती दारातून आत येताच लोक मागे सरले.

"प्रॉफेट, आधी मावशीला हात ठेवू द्या," मी म्हणालो. "मावशी, डावा ठेव."

दुकानात कुजबुज झाली. आमच्याकडे डाव्या हाताने कुणाला पाणी देत नाहीत, रस्ता दाखवत नाहीत, आणि चुकून पुढे आलाच तर आधी माफी मागतात. मावशीने काजळीने भरलेला डावा पंजा कीबोर्डवर ठेवला. दोन-चार श्वासांत पंखा गप्प झाला.

"माझ्या तेलाचा प्रभाव अजून टिकून आहे," प्रॉफेट म्हणाले.

"मग आता तुमचा हात ठेवा, पण यंत्राच्या उघड्या झाकणावर," मी म्हणालो. "कीबोर्डला न लागता."

पाच मिनिटं गेली. प्रॉफेटचा पवित्र उजवा हात झाकणावर असतानाच पंखा पुन्हा सुरू झाला. न्हावी म्हणाला, "बारावा तुम्हाला ओळखत नाही वाटतं."

मग मी सगळं सांगितलं. चित्रीकरण दाखवलं. "हा प्रोग्रॅम कुणा परक्याची आकडेमोड आपल्या यंत्रावर चोरून करतो. कुणी बघत नसताना यंत्राला पुरतं राबवतो, म्हणून ते तापतं. बटणाला काहीही लागलं की थांबतो, संताचा हात असो की शेळीचा खूर. आणि तो इथे आणला मी. मावशीला हाकललं तेव्हा मला संशय होता. मी बोललो नाही."

अराबाताईने माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा तिने कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. मी सर्वांसमोर तो प्रोग्रॅम काढून टाकला. दहा मिनिटं कुणी यंत्राला शिवलं नाही आणि पंख्याने हूं की चूं केलं नाही. तेवढ्यात प्रॉफेटना दुसरीकडची प्रार्थना आठवली.

यंत्र तापलं तर त्याच्या आत काय चाललंय ते बघावं. हात लावून बघावं, न लावताही बघावं, आणि जी बाई रोज ऐकत बसलेली असते तिला विचारावं. शोधायला लागते ती थोडी चिकाटी. आणि कारण आपल्याच घरात निघालं तर ते बोलून दाखवायची हिंमत लागते, ती शाळेत शिकवूनही माझ्याकडे नव्हती.

मावशी खिडकीखाली परत आली. पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी मीच गेलो. तिने एक केळं भाजलं, कागदात गुंडाळलं आणि माझ्या डोळ्यांत बघत डाव्या हाताने पुढे केलं. माफीचा शब्द काढला नाही.

मी ते दोन्ही हातांनी घेतलं.