दोन डब्यांचं भांडार

थोरलीला राग आला की घरातल्या वस्तू आपापल्या जागी गुमान बसत. नळ गळायचा थांबे, खिडकीचं दार करकरायचं विसरून जाई. शेजारीण शपथेवर सांगे की एकदा थोरलीने नुसतं रोखून पाहिलं आणि कित्येक वर्षं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ चालू झालं, तेही बरोबर वेळ दाखवत. त्या सकाळी मात्र समोरचा कॉम्प्युटर तिच्या नजरेला भीक घालत नव्हता. हार्ड डिस्क जोडलेली होती, तिचा निळा दिवा निर्लज्जासारखा लुकलुकत होता आणि पडद्यावर एकच ओळ होती: भांडार उघडता येत नाही.

भांडार हे नाव बाबांनी ठेवलेलं. बाबा वाद्यं दुरुस्त करायचे. दुकानात वाद्य घेऊन येणारा माणूस काखेत जुनी तबकडी नाहीतर कॅसेट घेऊन येई, कारण बाबांचा हट्टच तसा होता: वाद्य नीट करतो, पण घरी जे ऐकायला आहे ते आठवडाभर ठेवून जा. मग ती तबकडी कॉम्प्युटरवर उतरवायची कुणी? थोरलीने. ती दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवी, भिंतीवर, कुत्र्यावर आणि एकदा तर पोलीस चौकीवर जाणाऱ्या गाड्या आपल्या बाजूच्या जादा ब्रेकने थांबवी, आणि घरी येऊन बाबांच्या शेजारी बसे. तबकडीला घाई चालत नाही. गाणं जेवढं लांब, तेवढं बसावं लागतं. अशी ती वर्षानुवर्षं बसली. खरखर पुसायची नाही, सुरुवात कापायची नाही, आहे तसं ठेवायचं, हा बाबांचा कायदा. धाकटी सुट्टीला येई, दोन गाणी ऐके, वा वा करी, आणि जेवल्या ताटावरून उठावं तशी निघून जाई.

बाबा गेले. वाटणी करायला मामा आला. मामा जन्मभर फुटबॉलच्या सामन्यांत पंच होता, आणि शिट्टी सुटली तरी पंचगिरी सुटली नव्हती. भांड्यांची, कपाटांची वाटणी उरकून तो टेबलाशी आला. तिथे दोन काळ्या हार्ड डिस्क शेजारी शेजारी. बाबा त्यांना डबे म्हणत.

मामा म्हणाला, "दोन पोरी, दोन डबे. खेळ खलास."

थोरलीचं रक्त तिथेच उकळलं होतं. मेहनत माझी आणि अर्धा वाटा हिला? ती तसं बोलली. धाकटी म्हणाली की बाबा काही एकटीचे नव्हते. मग बोलता बोलता दोघी बालवाडीतल्या एका तुटक्या पट्टीपर्यंत मागे गेल्या, आणि तिथून परत कुणी आलंच नाही. धाकटी आपला डबा पिशवीत टाकून गेली. तेव्हापासून बोलणं बंद. ताईचा फोन आला की धाकटी तो पालथा घाली, असं मामाकडून कळलं होतं. मामाकडून दोन्हीकडचं सगळं दोन्हीकडे कळे.

आणि आज, इतक्या दिवसांनी थोरलीने आपला डबा जोडला तर हे.

तिने पहिला संशय अर्थातच बहिणीवर घेतला. नेण्याआधी काहीतरी करून गेली असणार. माझ्यातलं पुसलं असणार. थोरलीने मनातल्या मनात एक भाषण तयार केलं, ते इतकं जळजळीत झालं की हातातला चहा पुन्हा वाफाळला. त्या तावातच तिने पडद्यावरच्या 'अधिक माहिती'वर माऊस आपटला. तिथे कुणी कधी जात नाही. तिथे लिहिलं होतं की या भांडाराचे दोन भाग आहेत, दुसरा जोडलेला नाही, आणि दोन्ही असल्याशिवाय एकही फाईल वाचता येणार नाही.

तिने ते तीनदा वाचलं, आणि मग तिला ती दुपार आठवली. जुना डबा भरला म्हणून बाबांनी दोन नवे आणले होते. खोलीचं दार लावून बराच वेळ खाटखूट करत बसले आणि बाहेर आले ते खुशीत. दोघांचा मिळून एक केला, म्हणाले. आता गाण्याचा एक घास ह्याच्यात, पुढचा घास त्याच्यात, पुन्हा ह्याच्यात. टाका घालत शिवत जावं तसं. थोरली तेव्हा भाजी निवडत होती. "बरं," म्हणाली होती. ऐकलं काहीच नव्हतं.

म्हणजे मामाने गाणी वाटली नव्हती. प्रत्येक गाणं मधोमध उभं चिरून अर्धं इकडे, अर्धं तिकडे दिलं होतं.

"बाबा, काय करून ठेवलंत हे," ती फोटोकडे बघून म्हणाली. फोटोतला माणूस नेहमीसारखा गालात हसत होता, आणि त्या हसण्याने तिच्या अंगाची लाही झाली.

पण लाही क्षणात विझली, कारण तिला पुढचं सुचलं. धाकटीने तिच्या वाट्याचा डबा तिच्या कॉम्प्युटरला लावला तर तो काय विचारेल? वाचता येत नाही, नव्याने तयार करू का? आणि धाकटी काय म्हणेल?

धाकटी हो म्हणेल. धाकटी जन्मल्यापासून हो म्हणत आली होती. कॉम्प्युटरने काहीही विचारलं की हो. तिच्या फोनवर हवामान सांगणारी चार ॲप होती आणि चौघांची तोंडं चार दिशांना. तिच्या लग्नाची गोष्टही हीच: बागेत एका माणसाने "इथे बसू का" विचारलं, ही हो म्हणाली, आणि तो माणूस अजून उठलेला नाही. एक हो, की डबा पुसला जाणार, आणि थोरलीची सगळी वर्षं धुतल्या तांदळासारखी स्वच्छ.

फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पालथा पडलेला फोन कसा वाजतो ते तिला इकडून ऐकू येत होतं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. तिचा शिकाऊ येऊन शिकवणीच्या गाडीत बसला होता, एक निवृत्त दंतवैद्य. लोकांच्या तोंडात हत्यारं घालताना ज्याचा हात कधी थरथरला नाही, तो स्टिअरिंग धरलं की पिंपळपान होई. थोरली आपला डबा पर्समध्ये कोंबून खाली उतरली आणि सवयीने डाव्या बाजूला जाऊन बसली. दार लावल्यावर तिच्या लक्षात आलं की गाडी आपणच चालवायला हवी होती. पण दंतवैद्याने तोवर पट्टा बांधून गाडी हलवलीसुद्धा होती, आणि एकदा हललेल्या दंतवैद्याला थांबवलं की पुन्हा हलवायला अर्धा तास लागे.

"आज वळणं नंतर," ती म्हणाली. "आज सरळ. आणि जोरात."

त्या प्रवासाबद्दल दंतवैद्य पुढे आयुष्यभर बोलला. त्याच्या सांगण्याप्रमाणे गाडीने एका बसला आणि दोन रुग्णवाहिकांना मागे टाकलं, आणि एक पक्षी काही काळ शेजारून उडत होता तो दमून टपावर बसला. रुग्णवाहिका एकच असावी. थोरलीचा पाय मात्र सवयीने ब्रेकवर होता आणि तोंडाने ती वेग वाढवायला सांगत होती, त्यामुळे गाडी उचकी लागल्यासारखी गेली.

धाकटीचं केस कापायचं दुकान होतं. थोरली आत शिरली तेव्हा खुर्चीत एक बाई बसली होती, तिची डावी बाजू कापून झाली होती आणि उजवी व्हायची होती. आरशातून बहिणीला बघताच धाकटीची कात्री थांबली.

"डबा कुठाय?" थोरली म्हणाली.

"ये, बस, पाणी घे, असं मी म्हणणार नाही," धाकटी म्हणाली. "तूच बरी आलीस. मीच मामाला बोलावणार होते."

"तू तो कॉम्प्युटरला लावलास?"

"लावला."

"त्याने काही विचारलं?"

"विचारलं ना. म्हणाला, यात काही वाचता येत नाही, नव्याने तयार करू?"

थोरलीने गिऱ्हाइकाच्या खुर्चीची पाठ धरली. अर्धी कापलेली बाई मागे कलली. "आणि तू काय म्हणालीस?"

धाकटीने कात्री ठेवली, गल्ल्यामागचं कपाट उघडलं आणि एक पुडकं काढलं. डबा टॉवेलात गुंडाळलेला, वरून केस बांधायच्या रबरांचा विळखा, त्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर तिची सही.

"मी नाही म्हणाले," ती म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा नाही म्हणाले. कारण मला कळलं, तू रिकामा डबा माझ्या गळ्यात मारलास. सगळी गाणी स्वतःकडे ठेवून. म्हटलं, याला आता बोटसुद्धा लावायचं नाही. हा पुरावा आहे. मामासमोर तुझ्या पुढ्यात आपटायचा."

थोरली त्या पुडक्याकडे बघत राहिली. सगळी वर्षं बहिणीच्या रागावर तरली होती. धाकटीचा तिच्यावर जरा जास्त विश्वास असता, तर सगळं मातीत गेलं असतं. तिला हायसं वाटायला हवं होतं. तिला आणखी राग आला.

"मी असं करीन असं वाटलं तुला?"

"तुला काय वाटलं होतं माझ्याबद्दल?"

थोरलीने सकाळचं भाषण आठवून पाहिलं आणि ते गिळलं. उत्तराऐवजी तिने पर्समधला आपला डबा काढून गल्ल्यावर ठेवला आणि बाबांचा उद्योग सांगितला. धाकटी ऐकत गेली तशी तिच्या कपाळावरची शीर फुगत गेली.

"म्हणजे म्हातारा आपल्याला..."

"हो."

"आणि मामाने..."

"हो."

पुढची काही मिनिटं दोघी एकदिलाने चिडल्या. मग धाकटीने सहीची चिकटपट्टी टराटरा फाडली. दोन्ही डबे दुकानाच्या कॉम्प्युटरला जोडले. दोन्ही निळे दिवे आधी वेगवेगळे लुकलुकले, मग एका तालात, आणि भांडार उघडलं. धाकटीने हाताला लागलं ते गाणं लावलं.

आधी आली खरखर. मग बाबांचा आवाज: "चालू झालं का गं?" मग थोरलीचा, वैतागलेला: "झालं. बोलू नका, तेही रेकॉर्ड होतंय." आणि मग गाणं.

धाकटीने दुसरं लावलं. बाबा म्हणाले, चालू झालं का गं. थोरली म्हणाली, कितीदा सांगू, गप्प बसा. तिसरं. तिसऱ्यात थोरलीला सर्दी होती. पाचव्यात ती बाबांना औषध घेतलं का विचारत होती आणि बाबा खोटं बोलत होते.

"प्रत्येक गाण्याआधी तूच भांडतेस," धाकटी हळूच म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "प्रत्येक?"

"कापू देत नव्हते," थोरली म्हणाली, आणि रस्त्याकडे बघू लागली.

धाकटीने कपाटातून एक कोरी, भली मोठी हार्ड डिस्क काढली. दुकानदाराने "सगळ्यात मोठी देऊ का" विचारलं होतं, आणि ती काय म्हणाली असेल हे थोरलीने विचारलं नाही. सगळं भांडार तिच्यावर उतरवायला घेतलं. काम दिवसभराचं. एकटीच्या हाती डबे सोडून दुसरी जायला तयार नव्हती, म्हणून दोघी गल्ल्यामागे एकाच बाकावर बसल्या आणि ही मोठी डिस्क कुणाकडे राहणार यावरून भांडल्या. भांडता भांडता बाईची उजवी बाजू कापून झाली. ती डावीपेक्षा आखूड झाली, पण तक्रार करायची तिची छाती झाली नाही. दंतवैद्यही कंटाळून खुर्चीत बसला आणि बोडका होऊन उठला.

उन्हं कलली तेव्हा पडद्यावर सरकणारी पट्टी शेवटाला टेकली. कॉम्प्युटरने समाधानाने एक टिंग केलं आणि विचारलं: सगळं उतरलं. मूळ डिस्क पुसून मोकळ्या करू?

धाकटीचा हात आपसूक माऊसकडे गेला.

थोरलीचा पाय गल्ल्याखाली दाणकन आपटला, जिथे ब्रेक असायला हवा होता, आणि तिचा हात बहिणीच्या मनगटावर असा बसला की आरसे हलले.

"आई गं," धाकटी म्हणाली, आणि कळवळत पडद्याकडे बघू लागली. प्रश्न अजून तिथेच होता. "मी नाहीच म्हणणार होते."

"खोटारडी," थोरली म्हणाली. हात तिने काढला नाही.