तात्पुरती पुरलेली केबल

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे. अंगानं काळी, अंगठ्याएवढी जाड, आणि पोटात केसासारख्या बारीक काचेच्या तारा. माणसं बोलायची ते माझ्या पोटातून उजेड होऊन पळायचं आणि पलीकडे पुन्हा बोलणं होऊन बाहेर पडायचं. हे सांगताना खरं तर माझी मान ताठ व्हायला हवी. पण मला स्वतःविषयी बोलायचं म्हटलं की लाज वाटते. का वाटते, तेच आज सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मला एका मोठ्या लाकडी चाकावर गुंडाळलं होतं, आणि चाकावर पांढऱ्या रंगानं एकच शब्द लिहिला होता, ‘राखीव’. त्या शब्दाचा मला कोण अभिमान! टेर्नॉय गावात माझी थोरली बहीण आधीपासून होती. गावाचं रोजचं बोलणं ती वाहायची. मासळीचा भाव, हवेचा अंदाज, भांडणं, वाढदिवस, सगळं तिच्या अंगावर. मी फक्त एका दिवसासाठी. थोरली तुटली आणि नेमकं त्याच वेळी कुणी कड्यावरून पडलं, कुणाच्या छातीत कळ आली, तर रुग्णवाहिकेसाठी फिरवलेला एकशे तेरा नंबर मी पोचवायचा. एवढं एकच काम. आणि ऐन वेळी तेवढंच मला जमलं नाही.

टेर्नॉय बेटाच्या अगदी टोकाला आहे. एका अंगाला समुद्र, एका अंगाला उभा डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्यानं जाणारा एकच रस्ता. थोरली त्या रस्त्याच्या कडेनं पुरलेली. डोंगर कधीमधी दगड टाकतो, म्हणून मला डोंगराच्या पलीकडून, माळावरून न्यायचं ठरलं होतं. एक वाट बुजली तर दुसरी उघडी राहावी, हा त्यातला सरळ हिशोब.

मला पुरायला दुग्नाद ठरला. दुग्नाद म्हणजे गावची इर्जिक. सगळ्यांनी यायचं, फुकट राबायचं आणि शेवटी पोटभर खायचं. जो येत नाही त्याच्याकडे लोक वर्षभर तिरके बघतात. दुग्नादची पुढारीण ओद्दनी. आवाज असा की बोलली तर धक्क्यावरचे समुद्रपक्षी उडावेत. तिच्या शब्दाबाहेर गाव नव्हतं, आणि शूर नावाचा तिचा नवरा तर नव्हताच नव्हता.

वसंत होता, पण पाऊस आडवा येत होता. माळावर वरती चिखल आणि खाली खडक. फावडं मारलं की ठण्ण वाजायचं आणि हात झिणझिणायचे. त्यात मेंढ्या व्यायच्या दिवसांत माळावर आलेल्या माणसांवर चिडून ओरडत होत्या. दुपारपर्यंत जेमतेम एका अंगणाएवढा चर खणून झाला.

“नाव माझं शूर असलं, तरी या खडकापुढं मी भित्राच बरा!” फावड्यावर रेलून शूर म्हणाला.

“तू कधी नव्हतास भित्रा?” ओद्दनी म्हणाली. “लग्नाच्या दिवशी पाद्र्यापुढं तुझे पाय लटपटत होते.”

“ते तुझ्याकडे बघून!”

सगळे खो खो हसले. तेवढ्यात गुडवेग आली. ही गावातली मासेमारीण, स्वतःची छोटी बोट असलेली. तिनं वाफल्स भाजून आणले होते, मोठ्या डब्यात, वर बोराचा मुरंबा. “लवकर या, गार होतायत!” ती खालूनच ओरडली.

त्या वर्षी रस्त्याकडेचा चर पाण्याच्या नळासाठी आधीच उघडलेला होता. आत थोरली निवांत पडलेली दिसत होती. ओद्दनीनं एकदा पावसाकडे बघितलं, एकदा वाफल्सच्या डब्याकडे, आणि म्हणाली, “हे बघा, चर उघडाच आहे. तात्पुरती तिथं टाकू हिला. पाऊस उघडला, मेंढ्या व्याल्या, की माळावर नेऊ.”

“तात्पुरती ना? मग काय हरकत आहे!” आन्सगार मास्तर म्हणाले. ते शाळेतून निवृत्त झालेले, अक्षर सुरेख, म्हणून गावाचे नकाशे तेच काढायचे. बाकीच्यांनीही मान डोलावली. कुणी एकटा चुकला असता तर त्याला अडवायला दहाजण होते. सगळेच मिळून चुकले, मग अडवणार कोण?

खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. गार माळापेक्षा बहिणीची कूस बरी. तिला खेटून मी पडले, वरून माती लोटली गेली, आणि मंडळी वाफल्स खायला गेली.

पाऊस उघडला. मेंढ्या व्याल्या. मग मासळीचा हंगाम आला, मग गवत कापायचं आलं, मग वादळं. माळावर जायला कुणाला सवड झाली नाही. मित्रांनो, तात्पुरतं म्हणजे किती दिवस, हे कोशात बघू नका. मला विचारा.

मास्तरांनी मात्र नकाशा आधीच काढून ठेवला होता. ग्रामगृहाच्या भिंतीवर तो मोठ्या थाटात लागला. रस्त्यानं जाणारी लाल रेघ म्हणजे थोरली, माळावरून जाणारी निळी रेघ म्हणजे मी. पाहुणे येत, रेघांवर बोट फिरवत आणि म्हणत, “वा! या गावाला दोन वाटा आहेत!” एकदा दूर शहरातल्या एका पेटीत थोरलीचं टोक जळालं आणि दिवसभर सगळं बोलणं मीच वाहिलं. त्या दिवशी माझ्या नावानं केक कापला. ओद्दनीनं माझ्यावर भाषणही केलं. त्यानंतर तर माझी कुणालाच काळजी राहिली नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी मी. मी मातीखाली फुगत होते. ज्यांनी मला पुरलं त्यांनासुद्धा हळूहळू निळी रेघच खरी वाटायला लागली.

आणि मग ती सकाळ आली. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. डोंगर आधी कुरकुरला, मग एकदम खाली आला. दगड, माती, झाडं, सगळं रस्त्यावर. रस्ता गेला, थोरली गेली आणि तिच्या कुशीत पडलेली मीही गेले. दोघी एकाच दगडाखाली, एकाच क्षणी तुटलो. तिला निदान कामावर असताना मरण आलं. मला कामाची हाक यायच्या आधीच आलं.

माझं एक टोक धक्क्यापाशी टेलिफोनच्या करड्या खोलीत होतं. खोलीच्या फळ्या पातळ होत्या, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू यायचं. पुढचं मी तिथूनच ऐकलं. घरात काय झालं, ते मागाहून कळलं.

शूर न्याहारीला बसला होता. पावावर तपकिरी चीज ठेवता ठेवता त्याचा हात थांबला. “ओद्दनी, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय,” म्हणाला, आणि खुर्चीवरून खाली घसरला. चेहरा राखेसारखा.

ओद्दनीनं एकशे तेरा फिरवला. आवाज नाही. पुन्हा फिरवला. खिशातला फोन काढला, पण त्याचा खांबही आमच्याच जिवावर बोलणारा. टेकडीवर खांब उभा होता, त्याचा दिवा लागलेला होता, पण त्याचं बोलणं पुढं न्यायला खाली कुणी नव्हतं. मित्रांनो, ती नंबर फिरवत होती आणि मी दगडाखाली पडून होते. याच एका हाकेसाठी मला घडवलं होतं.

ओद्दनीनं फोन टाकला, खिडकी उघडली आणि जन्मात ओरडली नव्हती अशी ओरडली, “शूर पडलाय! फोन लागत नाही! कुणीतरी या!”

धक्क्यावर गुडवेग जाळं निवडत होती. तिनं जाळं तिथंच टाकलं आणि बोटीत उडी मारली. बोटीवर वायरलेस होता. किनाऱ्यावरच्या केंद्रानं तिची हाक घेतली आणि इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंशी जोडून दिलं. पण वायरलेस बोटीला ठोकलेला, आणि शूर वर टेकडीवर स्वैपाकघरात. मधला चढ धावून पार करेपर्यंत माणूस राहतो की जातो, कोण सांगणार?

तेव्हा गाव बाहेर आलं. कुणी बोलावलं नाही, कुणी नेमणूक केली नाही. एकजण बोटीपाशी उभा राहिला, दुसरा माझ्या खोलीच्या दाराशी, पुढचा ग्रामगृहापाशी, पुढचा विहिरीच्या वळणावर, तो थेट ओद्दनीच्या खिडकीपर्यंत. माणसांचीच तार झाली. माझ्या दाराशी आन्सगार मास्तर होते.

“श्वास आहे का?” बोटीतून गुडवेग ओरडली.

“श्वास आहे का?” मास्तर ओरडले. प्रश्न तोंडातोंडी वर गेला. वरून उत्तर येऊ लागलं.

“नाही म्हणते! पण बहुतेक असेल,” वरचा कुणीतरी घाबरून म्हणाला.

“बहुतेक कुणी विचारलं?” मास्तर एवढ्या जोरात कडाडले की माझ्या फळ्या हलल्या. “ऐकलं तेवढंच सांगायचं! आपल्या पदरचं घालायचं नाही! श्वास आहे की नाही?”

“नाही!”

“नाही!” मास्तरांचा आवाज फाटला, पण शब्द तोच खाली गेला.

“छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबा! जोरात, भराभर! थांबू नका!” डॉक्टरीणबाईंचं सांगणं तोंडातोंडी वर गेलं. “भिंतीवरचं झटक्याचं यंत्र कुठं आहे?” ते वर जायची गरजच पडली नाही. ग्रामगृहापाशी उभा असलेला माणूस आत गेला, यंत्र काढलं आणि चढावर पळत सुटला. मधली जागा दुसऱ्यांनी सरकून भरून काढली.

बंद पडलेलं हृदय झटक्यानं चालू करणारं ते यंत्र, मित्रांनो, माझ्यासारखंच राखीव. वर्षानुवर्षं भिंतीला टांगलेलं. पण मास्तरांच्या नकाशात त्याची खूण जिथं होती, तिथंच ते होतं. मी मात्र निळी रेघ माळावर सोडून रस्त्याच्या चरात झोपले होते.

वर स्वैपाकघरात ओद्दनी दाबत होती. “ऊठ रे! भित्र्या, ऊठ!” असं ती म्हणत होती, हे अख्ख्या तारेनं ऐकलं. कुणीही ते खाली पाठवलं नाही. यंत्र आलं. झटका बसला. मग पुष्कळ वेळ वरून काहीच आलं नाही. मास्तर खोलीच्या फळीला पाठ लावून उभे होते.

“श्वास घेतोय!” वरून आलं.

“नक्की?” मास्तरांनी विचारलं.

“शिव्या देतोय!”

तेही जसंच्या तसं खाली गेलं. गुडवेगनं वायरलेसवर ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आणि म्हणतात की बाई हसल्या आणि रडल्याही. थोड्या वेळानं हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरलं आणि शूरला घेऊन गेलं.

थोरलीला आणि मला जोडल्यावर महिनाभर गाव दुसरं काही बोललं नाही. सगळ्यांनी माणसांच्या तारेचं कौतुक केलं. मला कुणी एक शब्द बोललं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. कुणी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शूर इस्पितळातून आला, त्यानंतरच्या रविवारी ग्रामगृहात सभा भरली. ओद्दनी नकाशासमोर उभी राहिली. तिच्या आवाजानं त्या दिवशी पाखरूही उडालं नसतं.

“तात्पुरती टाकू, असं मी म्हणाले होते,” ती म्हणाली. “पाऊस होता, आणि वाफल्स गार होत होते. माझ्या नवऱ्याचा जीव मी वाफल्सपायी पणाला लावला होता. तुमचाही लावला होता. तुमच्याकडे बघायची मला लाज वाटते.”

“आम्ही काय कमी खाल्ले?” मास्तर हळूच म्हणाले. “रेघ तर मीच काढली.”

शेवटी शूर काठी टेकत उठला. “लाजून झालं असेल तर फावडी कुठं आहेत ते बघा,” म्हणाला. “मला खणायची मनाई आहे. मी फक्त बसून नावं ठेवणार.”

मी तुटकी, म्हणून नवी केबल मागवली आणि माळावरचा दुग्नाद झाला. पाऊस तसाच, खडक तोच, मेंढ्यांच्या शिव्याही त्याच. गुडवेगचे वाफल्स झाकून ठेवले होते. शेवटचं फावडं पडेपर्यंत कुणी डब्याला हात लावला नाही. मग सगळ्यांनी ते गारढोण खाल्ले. नव्या केबलच्या मागोमाग मास्तर स्वतः चालत गेले, आणि मगच निळी रेघ काढली.

मला चरातून उपटलं. तुकडे झाले, बरेचसे भंगारात गेले. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणी तुम्हाला सांगितलं की अडचणीसाठी दुसरी वाट आहे, तर भिंतीवर बघून खूश होऊ नका. त्या वाटेनं एकदा चालून या. आणि ‘तात्पुरतं’ म्हणून काही पुरलंत, तर ते कुठं पुरलंय हे विसरू नका.

माझा एक तुकडा ओद्दनीनं घरी आणला. “चांगली मजबूत आहे, टाकायची कशाला?” म्हणाली. परसात दोन खांबांना शूर मला बांधत होता.

“तात्पुरती गाठ मारतो गं,” तो म्हणाला.

“तो शब्द या घरात नको!” आतून आवाज आला, आणि ओद्दनी ओल्या हातांनीच बाहेर आली. तिनं त्याची गाठ सोडली, दोनदा घट्ट आवळून पुन्हा बांधली, आणि ओढून बघितली.

आता मी कपडे वाळत घालायची दोरी आहे. वारा सुटला की शूरचा सदरा माझ्यावर फडफडतो. एका माणसाच्या सदऱ्याएवढं ओझं मला पेलतं, आणि मी ते सोडत नाही.