तुरीतून निघालेली पंगत

फिल्म दुःखाचीच पाहिजे, हे मधुकर सरांनी वर्ध्याच्या कॉलेजात पंख्याखाली बसून ठरवलं होतं. खेडं म्हटलं की रडणं, याच्या पुढं यांची अक्कल जातच नाही. "म्हातारा रोडगे करतो, पंगत मांडतो, पण गाव ओस पडलंय. कोणीच येत नाही. शेवटी नुसत्या रिकाम्या पत्रावळी. ज्युरी खल्लास!"

आंजी गावच्या रूपालीने मान डोलावली. करते काय? तिची ही पहिलीच फिल्म. विद्यापीठाच्या महोत्सवात पाठवायची तर कॉलेजच्या आयडीवरूनच, अन् आयडी सरांच्या मुठीत. मुदत आज संध्याकाळची. बाकी सगळं शूट झालं होतं, राहिला होता फक्त शेवट.

म्हाताऱ्याचं काम अण्णाजींकडे होतं. आंजीत कुणाकडेही रोडगे असोत, गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे गोळे भाजायला हाच माणूस. रूपालीने त्यांना बजावलं होतं, "पाचच करजा अण्णाजी, दाखवापुरते."

ती अन् फोनवर शूट करणारा ऋतिक शेतात पोचले, तर आंब्याखाली गंजभर वांग्याची भाजी रटरटत होती, विस्तवात रोडग्यांचा ढीग पुरलेला, अन् धुऱ्यावरून अख्खी गल्ली चालत येत होती. म्हातारेकोतारे, कडेवरची लेकरंसुद्धा.

"अण्णाजी, हे काय?"

"चूलबंद आवतन देल्लं," अण्णाजी गोवरी सारत म्हणाले. "रोडगे भाजाचे अन् शेजाऱ्याले सांगाचं नाई? मले काई लाजबिज हाय का नाई?"

चूलबंद म्हणजे घरची चूल पेटवायचीच नाही, घरातल्या झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. म्हणजे आज गल्लीत कुणाच्या घरी भाकरीचा तुकडा नव्हता. परत पाठवलं तर सगळे उपाशी. अन् हिला ओस गाव दाखवायचं होतं!

रूपालीने कपाळावर हात मारला. मग ओरडली, "सारे जन तुरीत लपा! एक शॉट होऊ द्या, मंग जेवा!"

हसत, एकमेकांना ढकलत लोक तुरीत घुसले. तूर डोक्याच्या वर गेलेली. गल्ली गडप झाली. समोर पत्रावळींची रांग अन् एकटे अण्णाजी. ऋतिकने फोन रोखला.

"काऊन व रूपाली," तुरीतून तिच्या मोठ्या आईचा, मनकर्णाबाईचा आवाज आला, "आमाले झाडात कोंबून तू काय करून राह्यली?"

"मोठे आई, चुप ना!"

"वांगे थंडे होऊन राह्यले, त्याचं काय?"

तूर खदखदून हसली. पुन्हा घ्यावं लागलं.

या वेळी सगळे गप्प. अण्णाजींनी रोडगा फोडला, वाफ निघाली, तुपाची धार सोडली. आता रिकाम्या पत्रावळींकडे पाहून डोळे पुसायचे होते. त्यांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. तुपाचा चमचा तसाच हातात धरून म्हातारा उठला.

"नाई जमत बाप्पा मले! तुरीतले पोट्टे भुकेजले असन. या ना रे! बसा!"

तूर हलली. या ओळीतून, त्या ओळीतून माणसं निघाली. केसांत पानं, अंगावर पिवळी फुलं, तोंडभर हसू. शेतातून गाव उगवावं तशी. रूपालीने 'कट' म्हणायला तोंड उघडलं अन् तसंच मिटलं.

ऋतिकने तिथंच आंब्याखाली शेवट जोडला, फिल्म सरांना गेली. थोड्याच वेळात सरांचा फोन.

"अगं, हे काय? ज्युरीला दुःख लागतं!"

"लागत असेल तर घरून आणू द्या त्यांना, सर." रूपालीने पंगतीकडे पाहिलं. "माझं गाव ओस नाही. माझ्यासमोर बसून जेवून राह्यलं. हाच शेवट पाठवा, नाहीतर पाठवूच नका."

फोन कट.

गेली फिल्म! रूपाली पंगतीत जाऊन बसली. समोरचा रोडगा नुसताच कुस्करत राहिली. मनकर्णाबाईने पत्रावळीत दुसरा रोडगा आदळला, "आधी खा, मंग रडजो." मग मात्र भूक अशी लागली की विचारू नका.

बोटं तुपात असतानाच पुन्हा फोन वाजला. ऋतिकने बटण दाबून तो तिच्यासमोर धरला.

"पाठवली," सर म्हणाले. "आहे तशीच पाठवली." मग आवाज बारीक करून, "अन् ऐक. ती माणसं तुरीतून निघाली तेव्हा मी खुर्चीतून पडेस्तोवर हसलो. हे कॉलेजात कोणाला सांगू नको."

फोन स्पीकरवर होता. आंजीची अख्खी गल्ली ऐकत होती.