दारातलं गाठोडं

उजाडायच्या आत काकूने कुंभाराच्या दारात गव्हाचं गाठोडं ठेवलं आणि चोरासारखी, पाय न वाजवता घरी आली. वीस वर्षं हेच चाललं होतं. रविवारी चर्चमध्ये प्रत्येक घर मूठमूठ गहू पिंपात टाकी. ज्याची चूल थंड, त्याच्या दारात तो काकूने पोचवायचा, आणि कोण ठेवतं ते कळू द्यायचं नाही. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. पाळक आणि ती, दोघांनाच ठाऊक. बाकी गाव म्हणे, देवबाप ठेवून जातो.

तिचा नवराही तेच म्हणे. त्याने जन्मभर लोकांची शेतं पेरली. मग डोळे गेले, आणि आता एक बाजू लुळी पडली. त्याला सोडून दिवसभर बाहेर राहता येईना, तशी काकूची मजुरी सुटली. डबे खडखडीत झाले.

सोमवार.

"दार बघ गं. आज ठेवलं असेल."

नव्हतं.

मंगळवार. नव्हतं. तो हसला. "घर सापडत नसेल त्याला. दाराला रंग दे म्हणून किती वर्षं सांगतोय तुला."

बुधवारी त्याने विचारलं नाही.

तेच तिला सोसेना. पिंपाची किल्ली तिच्याच कमरेला होती. पण वाटणाऱ्याने त्यातला दाणा घ्यायचा नाही, अशी शपथ तिने वेदीसमोर घेतली होती. पाळकाला सांगायला ती दोनदा गेली, आणि दोन्ही वेळा पिंपावरची धूळ झाडून, न सांगताच परत आली.

गुरुवारी तिने परसातल्या विहिरीजवळची माती फडक्यात बांधली, दारात ठेवली, उचलून आत आणली. "अहो, आलं बघा." हाताला जड लागलं तरी त्याला धीर येईल, एवढंच तिच्या डोक्यात. पेरणाऱ्याच्या हातात आपण माती देतोय, हे सुचलंच नाही.

चालत्या हाताने त्याने गाठ सोडली. बोटं आत घातली. बराच वेळ बाहेर काढलीच नाहीत.

"विहिरीजवळची आहे," तो म्हणाला. "म्हणजे इतकी वर्षं पहाटे उठून जायचीस, ती लोकांच्या दारात ठेवणारी तूच?"

"हं."

"माणूस बरा निवडला देवबापाने." मग थांबून म्हणाला, "पण तुझ्या दारात कोणाला पाठवायचं, ते ठरवलंच नाही का?"

तिने त्याच्या बोटांची माती पुसली. तो म्हणाला, "जा. उजेडी जा. तोंडाने माग."

भर दुपारी ती रिकामं फडकं घेऊन कुंभारणीच्या दारात उभी राहिली. आज वाट चुकलात की काय, म्हणून कुंभारणीने चेष्टा केली. मग फडक्याकडे लक्ष गेलं आणि तिचं तोंड उतरलं. नुकत्याच दळून आणलेल्या पिठातलं अर्धं तिने आणून ओतलं.

"मला वाटायचं, काकू, तुमच्याकडे तर देवबाप रोजच येत असेल."

घरी येऊन काकूने पीठ पाण्यात शिजवलं, मीठ घातलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने तोंडातल्या तोंडात आभार मानले. तीन चमचे गिळले. चौथा ओठाच्या कोपऱ्यातून खाली ओघळला. तिने पदराने पुसला, हाक मारली. पुन्हा मारली.

मग त्याचं डोकं मांडीवर तसंच ठेवून, वाडग्यातलं उरलेलं तिने खाल्लं. चार दिवसांची भूक होती.